सेट दाबलं की कॅन्सल: क्रूझ कंट्रोलचा स्विच घरी बदलल्याच्या नोंदी

१ मार्च, शनिवार

गेले दोन-तीन महिने गाडीचं क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता स्पीड आपोआप धरून ठेवणारी सोय, नखरे करतंय. आज वैतागून वही काढली, आता जे काय करीन ते तारखेनिशी लिहायचं, नाहीतर महिन्याभराने मलाच आठवत नाही की कुठली वायर का सोडवली होती.

गाडी बारा वर्षांची, मॅन्युअल गिअर. क्रूझचा स्विच म्हणजे स्टिअरिंगच्या मागून खाली डोकावणारी बोटभर दांडी, स्टिअरिंगवरच बसवलेली, त्यामुळे त्याच्याबरोबरच फिरते. टोक आत दाबलं की चालू-बंद, खाली दाबली की सेट (आहे तो स्पीड धर, आधीच धरलेला असेल तर कमी कर), वर उचलली की रिझ्युम (आधीच धरलेला असेल तर वाढव), आपल्याकडे ओढली की कॅन्सल. एवढ्याशा दांडीवर चार कामं.

आता तक्रारी. हिरवा दिवा नेहमी लागतो, तिथे काही प्रॉब्लेम नाही. सेट मात्र दोन-तीनदा दाबल्याशिवाय धरत नाही. एकदा धरलं आणि मग स्पीड जरा कमी करायला खाली टिचकी मारली तर कधी कमी होतो, कधी क्रूझ सरळ सुटूनच जातं. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे स्पीड वाढवायला दांडी वर उचलली तर गाडी उलट हळू होते, नेहमी नाही पण दहातून तीन-चार वेळा तरी. शिवाय वळणावर सुटतं असंही मला वाटतंय. वाटतंय एवढंच, मोजलेलं नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो स्विच गेलाय, टाक नवीन. असेलही. पण गेलेला स्विच म्हणजे काहीच न करणारा स्विच अशी माझी समजूत, हा तर करतोय, फक्त सांगितलेलं सोडून दुसरंच करतोय.

२ मार्च, रविवार

स्विचला हात लावण्याआधी फुकटात तपासता येण्यासारखं सगळं तपासलं.

क्रूझ सोडायला लावणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. ब्रेक पेडलचा स्विच, क्लच पेडलचा स्विच, स्पीडचा सिग्नल, आणि यातलं काहीही गडबडलं तरी ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, निमूटपणे क्रूझ सोडून देतो, कारण शंका आली की सोडायचं हेच त्याला शिकवलेलं असतं. पहिल्यांदा ब्रेक. अंधारात गाडी भिंतीला पाठ करून लावली आणि पेडलवर हळूहळू पाय टेकवत गेलो, मागचा लाल उजेड दरवेळी एकाच जागी लागतो, पाय काढला की जातो, मध्ये लुकलुकत नाही. क्लचचा स्विच टिकटिक नीट करतो.

मग ब्लूटूथवाला स्कॅनर लावला. ब्रेक स्विचसाठी पी ०५७१, क्रूझच्या इनपुटसाठी पी ०५७५ असे ठरलेले कोड असतात, त्यातलं एकही नाही. मेमरी कोरी. आधी हिरमोड झाला, पण नंतर विचार केला तर हीसुद्धा माहितीच आहे, वायर तुटलेली असती किंवा कुठे शॉर्ट असता तर कदाचित काहीतरी नोंद झाली असती. ईसीयूच्या मते सगळं आलबेल आहे. त्याला जे सिग्नल मिळतायत ते त्याला खरे वाटतायत.

८ मार्च, शनिवार

आज मोजमाप. हा दिवस सगळ्यात कामाचा ठरला म्हणून सविस्तर लिहितो.

या दांडीत चार कामांना चार वायरी नसतात. सगळं एकाच वायरीवर चालतं, प्रत्येक पोझिशनला वेगळा रेझिस्टन्स ग्राउंडला जोडला जातो आणि त्यामुळे वायरीवर जो व्होल्टेज पडतो त्यावरून ईसीयू ओळखतो की काय दाबलंय. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे रिझ्युमला २४० ओहम, सेटला ६३०, कॅन्सलला १५४०, मेनला (म्हणजे चालू-बंदला) जवळजवळ शून्य, आणि काहीच दाबलं नसेल तर सर्किट उघडं.

दांडी स्टिअरिंगबरोबर फिरते पण गाडीची वायरिंग काही फिरत नाही, मधला दुवा म्हणजे क्लॉक स्प्रिंग, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल, स्टिअरिंगच्या मागे एका डबीत बसवलेली. हॉर्न, एअरबॅग, क्रूझ, सगळं तिच्यातून जातं. हॉर्न वाजतोय म्हणून क्लॉक स्प्रिंग चांगली असं म्हणता येत नाही, कारण आतल्या पट्ट्या प्रत्येकाच्या वेगळ्या. माझी वळणावरची शंका खरी असेल तर दोषी तीच असणार आणि नवा स्विच टाकून काही उपयोग नाही.

त्यामुळे एअरबॅग काढण्याआधी खालूनच मोजायचं ठरवलं. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, पंधरा मिनिटं थांबलो, स्टिअरिंग कॉलमचं खालचं कव्हर तीन स्क्रू काढून उतरवलं. क्लॉक स्प्रिंगला खालून दोन कनेक्टर, एक पिवळा, एक पांढरा. पिवळा म्हणजे एअरबॅग. त्याला हात नाही, आणि मीटर तर अजिबात नाही, मीटर ओहमवर असताना स्वतःच थोडा करंट सोडतो आणि एअरबॅगचा बार उडवायला फार करंट लागत नाही. पांढरा सोडवला, क्रूझच्या दोन पिनांना मीटरच्या सुया लावल्या आणि लेकीला वही देऊन शेजारच्या सीटवर बसवली.

कॅन्सल: १५४३, १५४१, १५४४. शहाणं बाळ.

रिझ्युम: २४२, मग ३९०, मग २६०, मग ६१५.

सेट: ६३४, ९१०, ७२०, आणि एकदा दाबून धरल्यावर १४८० वर जाऊन तिथून हळूहळू खाली.

"बाबा, हा आकडा थांबतच नाहीये, कुठला लिहू?"

"सगळे लिही."

ते आकडे वहीत एकाखाली एक बघितले आणि डोक्यात लख्ख झालं. रिझ्युमचा २४० वाढून ६१५ झाला तर ईसीयूच्या दृष्टीने तो सेट आहे. आणि चालू क्रूझमध्ये सेट म्हणजे स्पीड कमी कर. सेटचा ६३० वाढून १४८० झाला तर तो कॅन्सल. म्हणजे गाडी दरवेळी मी सांगतोय तेच ऐकत होती, फक्त तिच्यापर्यंत शब्द पोचेपर्यंत बदलत होता. कोड का नाही आला तेही कळलं, कारण प्रत्येक चुकीचा आकडा हा दुसऱ्या कुठल्यातरी बटणाचा बरोबर आकडा होता.

राहिली क्लॉक स्प्रिंग. कॅन्सल स्थिर आहे, मग तोच दाबून ठेवून स्टिअरिंग फिरवायचं. अंगठ्याने धरून फिरवता येत नाही, म्हणून दांडी रबरबँडने ओढून स्टिअरिंगच्या आरीला अडकवली, म्हणजे फिरताना तीही बरोबर येईल. चावी एसीसीवर (लॉकच्या पुढच्या खाचेवर), नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं, बॅटरी काढलेली असल्यामुळे चावी फिरवली तरी वीज कुठेच जात नाही. पॉवर स्टिअरिंग बंद आणि गाडी उभी, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकं वळवताना खांदे भरून आले. पण मीटर १५४१ ते १५४४ च्या बाहेर गेला नाही. उलटं फिरवलं, तसाच. क्लॉक स्प्रिंग निर्दोष सुटली. वळणाची गोष्ट माझ्याच मनाने रचलेली, बहुतेक वळणावर अंगठा दांडीला लागत असणार.

९ मार्च, रविवार

लगेच नवीन मागवण्याआधी कंजूषपणा करून बघितला. प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर दांडीच्या फटीत मारला आणि चारी बाजूला पन्नास-पन्नास वेळा हलवली. सेट ६३१, रिझ्युम २४१, एकदम सुतासारखे सरळ. कव्हर लावलं, बॅटरी जोडली, चक्कर मारून आलो, क्रूझ नव्यासारखं. स्वतःवर फार खूश.

१३ मार्च, गुरुवार

खुशी चार दिवस टिकली. आज हायवेवर स्पीड वाढवायला दांडी उचलली तर गाडी हळू. मागच्याने लाइट मारला.

नवीन स्विच मागवला.

१५ मार्च, शनिवार

पार्ट आला. दिसायला डिट्टो तोच, कनेक्टर तोच, स्क्रूची भोकं तिथेच. बसवण्याआधी टेबलावर मीटर लावला म्हणून वाचलो. मेन ठीक, पण सेटला २१० च्या आसपास आणि रिझ्युमला त्याहूनही कमी. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या ईसीयूसाठी बनवलेली रेझिस्टन्सची शिडी, माझ्या गाडीत हा लावला असता तर सेट दाबल्यावर ईसीयूने रिझ्युमच समजला असता. बाहेरून एकसारख्या बॉडीत वेगवेगळे रेझिस्टन्स घालून विकतात आणि वर्णनात लिहितात की सगळ्या मॉडेलना चालेल. आकड्यांचे फोटो काढून परत पाठवला. या वेळी जुन्या दांडीवर छापलेला पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवून मागवला, आरसा आणि टॉर्च घेऊन वाचावा लागला, पण आधीच करायला हवं होतं.

२० मार्च, गुरुवार

दुसरा आला. टेबलावर: रिझ्युम २४१, सेट ६३२, कॅन्सल १५४३, मेन अर्धा ओहम, त्यातला बहुतेक माझ्या मीटरच्या वायरींचाच. प्रत्येक पोझिशन वीस वेळा. आकडा ढिम्म हलत नाही.

२२ मार्च, शनिवार

बसवायचा दिवस. सकाळी सातला सुरुवात, कारण नंतर त्या जागी ऊन येतं.

चाकं सरळ केली, चावी काढली, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला आणि टर्मिनल फडक्यात गुंडाळून बाजूला बांधून ठेवलं. मग परत पंधरा मिनिटं. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून, तो रिकामा व्हायला वेळ द्यावा लागतो. कुठे दीड मिनिट लिहितात, कुठे दहा. एअरबॅग उघडायला जितका वेळ लागतो तो पापणी लवण्यापेक्षा कमी, मग थांबायला पंधरा मिनिटं गेली तर माझं काय जातंय.

थांबलो असताना फोनवर वाचत बसलो. क्रूझ कंट्रोल ज्याने शोधलं तो राल्फ टीटर, अमेरिकन इंजिनिअर, पाच वर्षांचा असताना अपघातात दृष्टी गेलेली. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की हळू व्हायचा आणि ऐकायला लागला की जोरात, त्या हिसक्यांना कंटाळून टीटरने स्पीड स्थिर ठेवायची युक्ती काढली. १९५० साली पेटंट मिळालं, १९५८ ला क्रायसलरच्या इंपीरियल गाडीत आलं. ज्याला स्वतःला दिसत नव्हतं त्याने ड्रायव्हरच्या पायाची खोड बसल्या जागी अंगाला बसणाऱ्या धक्क्यांवरून ओळखली. हे वाचून झालं आणि पुढचं अर्धं काम मलाही न बघता बोटांनीच करायचं होतं, कारण एअरबॅगचे दोन स्क्रू स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना आत खोल असतात आणि तिथे डोकं घुसत नाही.

बाजूची दोन छोटी झाकणं नखाने उचकटली. आत टी ३० टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू. डावा लगेच सुटला. उजवा फिरतोय, फिरतोय, बाहेर येतच नाही. पाच मिनिटं वाटलं आटे गेले. मग लक्षात आलं की हे स्क्रू बाहेर यायचेच नसतात, खोबणीत अडकून राहतात म्हणजे आत पडायला नकोत, सैल झाल्याशी मतलब. एअरबॅग हलकेच पुढे ओढली तशी निघाली.

मागे दोन जोडण्या. हॉर्नची एक वायर, साधी, ओढली की सुटते. आणि एअरबॅगचा पिवळा कनेक्टर, त्याला वर एक लॉकची पट्टी असते, ती आधी उचलायची, मगच कनेक्टर निघतो. बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळून ती वर केली. त्याआधी गाडीच्या पत्र्याला हात लावून घेतला, अंगातली स्टॅटिक जाऊ दे म्हणून. एअरबॅग मागच्या सीटवर ठेवली, नक्षीची बाजू वर. पालथी ठेवायची नाही, चुकून फुटली तर पालथी असताना अख्खा डबा छताला जाईल, उताणी असेल तर फक्त कव्हर फाटेल. मागच्या सीटवर तेवढ्या वेळात कुणाला बसू दिलं नाही.

त्यापुढचं काम हास्यास्पद सोपं. स्टिअरिंग काढायचं नाही. दांडीला दोन स्टारचे स्क्रू, एक छोटा कनेक्टर. चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर वापरला तरी दुसरा स्क्रू निसटलाच आणि स्टिअरिंगच्या पोकळीत टिंग करून गेला, पण वरच्या कडेला अडकून राहिला, चुंबकाने काढला. जुना बाहेर, नवा आत, कनेक्टर टक् करून बसला. एकूण सहा मिनिटं.

एअरबॅग परत लावली, पिवळा कनेक्टर, लॉकची पट्टी खाली, हॉर्नची वायर, दोन्ही स्क्रू ८.८ न्यूटन मीटरला. झाकणं. बॅटरीजवळ गेलो आणि टर्मिनल टेकवलं.

हॉर्न वाजायला लागला.

थांबेना. सकाळचे आठ वाजायचेत, मी बोनेटखाली, आणि हॉर्न अखंड. घाबरून टर्मिनल उचललं तसा थांबला. समोरचे काका गॅलरीत येऊन उभे. "काही नाही काका, स्विच बदलतोय." ते म्हणाले, "कळलं सगळ्यांना."

हॉर्नचं सर्किट असं की स्टिअरिंगवर दाबलं की वायर ग्राउंडला लागते आणि हॉर्न वाजतो. म्हणजे कुठेतरी ती वायर धातूला टेकली होती. सगळं परत: पंधरा मिनिटं, झाकणं, स्क्रू, एअरबॅग पुढे. वायर एअरबॅगच्या पत्र्याच्या कडेखाली चेपलेली, इन्सुलेशनला तांदळाच्या दाण्याएवढा कट. आतलं तांबं दिसत होतं. त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं, वायर तिच्या मूळच्या खोबणीतून नेली (खोबण होती, मी बघितलीच नव्हती), आणि या वेळी एअरबॅग दाबताना दुसऱ्या हाताने वायर जागेवर धरली. पिवळी वायर चेपली असती तर काय, हा विचार आला आणि तीही परत एकदा शेवटपर्यंत बोटाने चाचपली.

टर्मिनल टेकवलं. शांतता. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला, काही सेकंदांनी विझला, आणि विझलेलाच राहिला. ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा मात्र राहिला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवल्यावर गेला. घड्याळ बारावर. ड्रायव्हरची काच एका दाबात वर जायची ते विसरली, पूर्ण वर करून बटण दोन सेकंद धरून ठेवल्यावर आठवलं तिला.

२३ मार्च, रविवार

पहाटे मोकळ्या रस्त्यावर टेस्ट. ३५ ला सेट दाबला, धरलं नाही, बरोबर, या गाडीत ४० च्या खाली धरतच नाही. ६० ला एका दाबात. रिझ्युमच्या प्रत्येक टिचकीला साधारण दीड किलोमीटर वर, सेटच्या टिचकीला तेवढंच खाली, पंधरा वेळा केलं, एकदाही उलट नाही. मग सोडवण्याच्या तिन्ही वाटा वेगवेगळ्या तपासल्या: ब्रेकला नुसता पाय टेकवून, क्लचने, दांडी ओढून. तिन्हींना लगेच सुटलं. पहिली दोन तपासल्याशिवाय मी क्रूझ रोजच्या वापरात घेतलं नसतं, स्विच किती का नवीन असेना.

घरी आल्यावर जुनी दांडी उघडली. हाच भाग बघायची खरी उत्सुकता होती. आत नखाएवढा बोर्ड, त्यावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यावरून घासणारं पितळी पातं. कंपनीने घातलेलं ग्रीस वाळून डांबर झालेलं. सेट आणि रिझ्युमच्या पट्ट्यांवर पात्याने बारीक खाच पाडलेली आणि खाचेत काळी पूड, कॅन्सलची पट्टी मात्र चकचकीत. साहजिक आहे, मी कॅन्सल जवळजवळ वापरतच नाही, ब्रेकला पाय लावतो.

बोर्डावर भिंगातून तीन रेझिस्टर दिसले: २४१, ३९१, ९११. त्यांच्या भाषेत शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं, म्हणजे २४०, ३९० आणि ९१० ओहम, एकापुढे एक जोडलेले. २४० वर रिझ्युम. २४० अधिक ३९०, ६३०, सेट. त्यात ९१० मिळवले की १५४०, कॅन्सल. म्हणजे रिझ्युमच्या खाचेत ३९० ओहमची घाण साचली की तो हुबेहूब सेट होतो, आणि सेटच्या खाचेत ९१० ची साचली की कॅन्सल. लेकीला बेरीज करून दाखवली. ती म्हणाली, "मग घाणीचा रेझिस्टर कुठला?" मी काळ्या पुडीकडे बोट दाखवलं.

क्लीनर चार दिवसच का टिकला तेही कळलं. पूड धुतली गेली पण खाच तशीच, पातं परत तांबं खरवडून नवीन पूड करत राहिलं.

३० मार्च, रविवार

आठवड्यात तीनशेच्या वर किलोमीटर झाले, स्विच एकदाही चुकला नाही. कॉलमच्या कव्हरचा एक स्क्रू उरलाय आणि भोक सगळी भरलेली दिसतायत, तेवढं कोडं बाकी आहे.

अंगठ्याला मात्र अजून जुन्या स्विचची सवय आहे. तो सेट तीनदाच दाबतो. पहिल्या दाबाला ८० ला लागतं, पुढच्या दोन टिचक्या स्पीड उतरवतात, आणि गाडी ७७ ला जाऊन बसते.